गेल्या आठवड्यात एक तास तरी

"गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलंत?"
प्रत्येक दारात माझा पहिला प्रश्न हाच.
एक तास. पैशासाठी.
हो म्हणालात तर तुम्ही कामावर आहात,
मग पुढची पानं सोपी.

चिलीचा किनारा, कोन्सेप्सियोनच्या दक्षिणेला.
इथली कोळशाची खाण समुद्राच्या पोटात शिरलेली होती,
माणसं माशांच्या खालून चालत कामाला जायची.
खाण मिटली त्याला अकरा वर्षं झाली,
नोल्बेर्तो सानुएसा अजून
छत ठेंगणं असल्यासारखा वाकून दार उघडतो.

माझ्या पुस्तिकेत ह्याला संरचनात्मक म्हणतात.
म्हणजे काम गेलं ते परत यायचं नाही,
माणूस मात्र तिथल्या तिथे.
सरकारनं त्याला केस कापायला शिकवलं:
सहा महिने, प्रमाणपत्र, कात्री, पांढरा डगला.
एकशेचाळीस खाणकामगार, एकाच वर्षी न्हावी.
एवढी डोकी गावानं कुठून आणायची?
होती त्यातली निम्मी टकली,
उरलेली उधार.

शेजारी उबेर्लिंदा. उन्हाळाभर समुद्री शेवाळ वेचते, वाळवते,
जून-जुलैत लाटा तिला आत येऊ देत नाहीत.
मी लिहिते: हंगामी.
ती विचारते, "जानेवारीत का नाही येत तुम्ही?
जानेवारीत चहाबरोबर द्यायला काही असतं."

तिच्या हिमेनानं औषधाच्या दुकानातली नोकरी स्वतःहून सोडली,
सान्तियागोहून पत्र यायचंय.
हे घर्षण. पुस्तिका म्हणते, थोडं असावं, तब्येतीला बरं.
हिमेना दिवसातून दोनदा पोस्टात जाते.

टेकडीवर आरिएल, प्लायवूड कारखाना, तिसरी पाळी.
दूर उत्तरेत, जिथे तो कधी जाणार नाही,
लोकांची घरांची कर्जं बुडाली
आणि इथे त्याची पाळी बंद पडली.
चक्रीय. चाक फिरलं की बोलावतील.
तोवर त्यानं हप्त्यावरचा टीव्ही परत केलाय,
धाकटीची किडकी दाढ पुढच्या महिन्यावर ढकललीय,
आणि बेकरीवाल्या दोन्या एल्सिराच्या वहीत
त्याचं पान भरत आलंय.

ती वही माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.
एल्सिरा आता पिठाची सहाऐवजी चार पोती घेते.
ट्रकवाला आठवड्याला एकच खेप करतो,
टायर झिजले तरी चालवतो.
आणि टायरवाल्याचा पोऱ्या मला पुढच्या गल्लीत दिसतो,
सकाळी अकराला, पायरीवर,
अंघोळ करून, भांग पाडून बसलेला.

मासळीच्या टपरीत पाच चुलतभाऊ, काम दोघांचं.
पाचही जण कामावर. तसंच लिहायचं असतं.

नोल्बेर्तोला दुसरा प्रश्न:
"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?"
"कुठे?" म्हणाला.
म्हणजे नाही.
म्हणजे आता तो बेकारही नाही.
शोधतो तो बेकार. दमून बसला
त्याला मोजणी खाली उतरवून पुढे जाते.
परवाच रेडिओ सांगत होता,
प्रांतातली बेकारी पाऊण टक्क्यानं घटली.
त्या पाऊण टक्क्यात नोल्बेर्तो कुठेतरी
वाकून उभा असणार.

माझं स्वतःचं कंत्राट एकतीस तारखेपर्यंत.
शेवटच्या शुक्रवारी पुस्तिका पिशवीत टाकली
आणि त्याच्या दारात जाऊन म्हटलं, केस कापा.

नखांत अजून कोळसा, पण कात्री अलगद.
चाळीस मिनिटांत झालं असतं.
तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला,
मानेपाशी पुन्हा, कानामागे पुन्हा,
काहीच उरलं नव्हतं तिथेही पुन्हा,
तास भरेपर्यंत.
मग डगला झटकला. "आता लिहा."

संदर्भाचा आठवडा रविवारीच संपला होता.
मी बोलले नाही. पाच हजाराची नोट दिली.
सुटे आणायला तो एल्सिराकडे गेला
आणि बऱ्याच वेळानं परत आला,
हातात सुट्यांऐवजी
एक गरम पाव.