चार मीटर दहा

ऑडवार खोलीच कागदावर घेऊन आला होता.
भिंत ते भिंत चार मीटर दहा,
छत बुटकं, पूर्वी तिथे बटाटे ठेवायचे.
काळा रंग स्वतःच दिलाय, म्हणाला,
दोन हात. छतालाही.
किर्केनेसमध्ये डिसेंबरात सूर्य उगवतच नाही,
आणि हा माणूस वर आणखी अंधार रंगवून आलेला.

मी माझं पाठांतर सुरू केलं:
ल्युमेन, लेझर, फोर-के, दिव्याचं आयुष्य.
सगळ्यात उजळ प्रोजेक्टर लावून दाखवला.
तो बघत राहिला. मग, "रात्र राखाडी दिसतेय."
खरं होतं. पडद्यावरची रात्र
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखी.

बोर्गिल्डबाई तोवर खुर्चीत,
कोट न काढता, डोळे मिटून.
मला वाटलं, डुलकी लागली.
तिसऱ्याला म्हणाल्या, "हा कुरकुरतो."
चौथ्याला, "ह्याला धाप लागते."
पाचव्याला काहीच नाही.
चालू आहे, कळलं ना? मी विचारलं.
"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हाच."

बिल करताना ऑडवार हळूच बोलला:
तिला आता फक्त कडेकडेचं दिसतं.
मधलं मी सांगतो.
पंख्यावर आवाज चढवावा लागला
की सांगण्याचं ओरडणं होतं.

पाचव्याचे ल्युमेन दुकानात सगळ्यात कमी.
दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं त्याला,
खोक्यावर धूळ होती, मी बाहीनंच पुसली.
कागद परत देताना पाहिलं:
सगळी मापं होती, पेन्सिलीनं, दशांशासकट.
खुर्च्या दोन.
त्यांच्यामध्ये माप लिहायला
जागाच सोडली नव्हती.