चोच नसलेला राघू

भिंती खरवडायचं काम माझं. तीस वर्षं.
शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कॅम्पातले बंगले,
दिवाळीआधी निपाणीकडं चार घरं.
ओलं फडकं पुढं, पत्री मागं.
डिस्टेंपर सुटतो, त्याखाली चुना,
चुन्याखाली नीळ घातलेला चुना,
आणि एखाद्याच घरात
कागद.

ठशाचा कागद, हातानं उठवलेला.
वेल, कोयरी, समोरासमोर दोन राघू.
गेरूचा तांबडा, हिरड्याचा काळा,
आणि एक निळा, ज्याचं नाव मला अजून सापडलेलं नाही.

पहिला तुकडा कॅम्पात, सेराफिनाबाईंच्या जेवणघरात.
"कचरा तो, ने की."
नेला. कॅरियरला चटईसारखा गुंडाळून.
बायको म्हणाली, "काय करुलालास ह्याचं?"
सांगता आलं नाही.
पलंगाखाली सरकवला.

आता पलंगाखाली पाय जात नाही.
साखरेच्या पोत्यांत, कडुनिंबाचा पाला घालून
एकशे बारा तुकडे.
प्रत्येकामागं पेन्सिलीनं:
खानापूर, स्टेशनमागं, ओल लागलेला.
गोकाक, सोनाराचं माजघर, खिडकीची डावी बाजू.
पाठीला चिंचोक्याची खळ, दमट दिवसात अजून बोटाला धरते.
खळीत अडकलेलं अस्तर:
कानडी बाजारभाव, त्यावर कुणाची मराठी लग्नपत्रिका.
सोडवायला गेलं की दोन्ही फाटतात.
मी सोडवत नाही.

एकदा पुण्याहून पाहुणे आले, पांढरे हातमोजे घालून.
लोककला, म्हणाले. दोनदा म्हणाले.
"ही नेमकी कुठली धरायची? इकडची की तिकडची?"
मी म्हटलं, भिंतीवरची.

पण झोप उडवली ती राघूनं.
जिथं जिथं तो आहे, तिथं उजव्याला चोच नाही.
आधी वाटलं, वाळवी. मग वाटलं, ओल.
मग वाटलं, माझीच पत्री,
तीस वर्षं एकाच जागी घसरत आलेली.

परवा वडगावात, चंद्रव्वांचं मागघर रंगवायला घेतलं.
मागाच्या एका पायाखाली लाकडाचा ठोकळा,
वाकून पाहिलं तर कडेला वेलाचं टोक.
"सासऱ्याच्या बापाचा ठसा तो. आधी लुगडी छापायचे, मग कागद."
"मला द्या. म्हणाल ते देतो."
"काढलास तर माग डुलतंय की रे,
पदर वाकडा येतोय."

तेव्हा त्यांच्या दोन्ही पोरांनी माग चार बोटं उचलून धरला,
एकजण शिव्या देत, एकजण हसत,
आणि मी जमिनीवर पालथा, नातीच्या वहीचं पान ठशावर दाबून
आडवी पेन्सिल फिरवत राहिलो.
शेपूट आली. पंख आला. डोळा आला.
चोचीच्या जागी टवका,
जुना, गुळगुळीत, कडा झिजलेला.

म्हणजे पत्री नव्हे.
ठोकळा परत पायाखाली गेला. चंद्रव्वांनी चहा दिला.

रात्री पोती उपसली, संकेश्वरचा तुकडा काढला.
जमिनीपासून हातभर उंचीवरचा,
जिथं रांगतं पोर भिंत धरून उभं राहतं.
त्या एका राघूला चोच आहे.
कोळशानं काढलेली, जाड, पार कावळ्याची.

मागं माझ्याच अक्षरात लिहिलंय:
"डाग पडलेला."
खोडरबर कुठं ठेवला गं,
मी बायकोला उठवून विचारतोय.