प्रभावळ

वार्दोच्या धक्क्यावर उभा आयलिफ.
काळा कोट, काळी टोपी, मागे फिकट आकाश.
मी शार्पनेस जरा जास्तच ओढला
तशी त्याच्या खांद्यांभोवती उमटली
पांढरी कड,
चर्चच्या काचेवर असते तसली.

सोलब्योर्ग मागून वाकून बघते.
"संत कसला! लोकांच्या होड्यांतलं डिझेल चोरायचा.
पूस ते."

चित्र तीनशे टक्के मोठं करून
मी कडेकडेनं निघतो, मऊ ब्रश घेऊन,
टोपीच्या लोकरीतून, कॉलरच्या घडीतून,
एकेक ठिपका
आकाशाला परत करत.
हात घसरतो. डाव्या कानाची पाळी जाते.
"गेलीच होती ती, थंडीनं," ती म्हणते,
"सत्त्याऐंशी साली."

मग बराच वेळ काही नाही.
मग पडद्याच्या तळाशी बोट:
"कुत्रीभोवतीचं
राहू दे."