उलटी बाजू

होळीनंतर रामटेकच्या रस्त्याला
पळसाखाली बसून मी फुलं वेचली होती,
गोणपाटावर वाळवली, माळ्यावर टाकली
आणि विसरले.
डिसेंबरात पारा आठवर आला
तेव्हा आठवलं बाबांचं डोकं.

टक्कल. कानांवर दोन पांढरे पुंजके.
मफलर गुंडाळा म्हटलं की म्हणतात,
दाढ दुखणारा माणूस दिसतो मी त्यात.

इतवारीतून पांढरी लोकर आणली, दोनशे ग्रॅम.
दुकानदार म्हणाला, ताई, रंगीत घ्या ना,
शेवटच्या इंचापर्यंत एकसारखी निघेल.
मला एकसारखी नकोच होती.

तांडापेठेतली आमची गच्ची,
एका पायानं लंगडी शेगडी, जर्मनचं पातेलं.
रात्रभर तुरटीच्या पाण्यात भिजलेली लडी
सकाळी फुलांच्या काढ्यात सोडली
आणि नेमका फोन वाजला.

निर्मला बारापात्रे. वीजबिलाच्या खिडकीत
माझ्या बाजूला बसते, सुया तिनंच हातात दिल्या.
तिच्या काकांचे चार माग भंगारात गेले,
किलोच्या भावानं.
काका काट्याजवळ उभे राहून
आकडा नीट वाचत होते म्हणे,
चष्मा पुसून पुसून.
मी हं, हं करत राहिले.
इकडे लडीचं एक टोक
पातेल्याच्या काठावरून घसरून
खालच्या गंजक्या बादलीत टेकलं.
बारा मिनिटं.

तेवढी वीतभर लोकर शेवाळी झाली.
बाकी सगळी पिवळी,
कुठं जर्द, कुठं पातळ वरणासारखी.

सुईवर अठ्ठ्याऐंशी टाके घातले.
दोन सुलट, दोन उलट, काठ झाला.
मग नुसतं सुलट, गोल गोल,
आणि लडीच्या प्रत्येक वेढ्यात
ते शेवाळी येत राहिलं,
दर ओळीला जरासं डावीकडे सरकून.
निर्मलाचा फोन पुन्हा वाजतोय,
पुन्हा वाजतोय,
असं वाटून एकदा मी
मोबाईल उचलून पाहिलासुद्धा.

बाबा विणकर सोसायटीच्या रंगखान्यात होते,
एकतीस वर्षं.
माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांच्या सहीशेजारी
दर तिमाहीला एक निळा अंगठा उमटायचा,
कुणी न मागितलेला.
पंगतीत ते बुंदी वाढायला उठले
की लोक म्हणत, बसा हो, तुम्ही बसा.

टोपी हातात दिली. घातली नाही.
खिडकीशी नेली, हुंगली.
अंगठा जिभेला लावून काठावर घासला
आणि अंगठ्याकडे बघत बसले.
मग मोरीत गेले.
मी ‘बाबा’ म्हणेपर्यंत
टोपी बादलीत बुडालेली.
पिळली. पाणी बघितलं.
पांढऱ्या मगमध्ये घेऊन
पुन्हा बघितलं.

‘तुरटी घातली व?’
‘घातली.’
‘हे हिरवं काहून?’
‘फोन आला होता.’
त्यांनी त्यावर अंगठा फिरवला, उलटा, सुलटा.
‘लोखंड लागलं. लोखंड लागलं
का पळस असाच होते.’
दोष काढला की नुसतं सांगितलं,
कळलं नाही.

वाळायला दोन दिवस गेले. ऊन कोवळं,
लोकर जाड.
तिसऱ्या दिवशी सकाळी
दुधाची बरणी घेऊन ते निघाले
आणि डोक्यावर टोपी,
उलटी.
माझ्या सगळ्या गाठी वर,
दोन ठिकाणी जोडलेली लोकर,
सुटलेला टाका मागून ओढून घेतला होता तो भाग,
सगळं तांडापेठेला उघडं.

हाक मारायला मी तोंड उघडलं.
मग आठवलं,
लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेले की
ते थानाचं टोक परतून
मागची बाजू दाखवायचे मला.
वरची गिऱ्हाइकासाठी, म्हणायचे,
रंग धरला का ते इकडं पाहा.

नळाच्या कोपऱ्यावर कुणीतरी त्यांना थांबवलं.
काय बोलले ऐकू आलं नाही.
बाबांनी टोपी काढली, दाखवली,
परत घातली,
तशीच.
मी आत खोचलेला एक धागा
त्यांच्या मानेवर लोंबत होता.
शेवाळी.