चुना

चोडणच्या बांधालगत बाबांची चुन्याची भट्टी होती.
तिसऱ्या, खुबे, कालवं: ज्यांनी खाल्लं ते खाऊन गेले,
कवचं आमच्याकडे यायची, पाटीला आठ आणे.
रात्रभर जळायची. सकाळी पाणी शिंपडलं
की पांढरी चुरचुर,
आणि बाबा ओरडायचे,
लांब उभी राहा, प्रेमा, हा डोळे खातो.

तो चुना सबंध तिसवाडीच्या भिंतींवर गेला.
मला कुणी लावला
ते कळायला सात वर्षं लागली.

आधी खडा. महिनाभर कुळथाचं कढण.
मग दुसरा खडा, आणखी कढण.
मग रात्री चारदा उठणं, घशाला कोरड, पोटात दगड,
आणि दुपारी विनाकारण रडू,
पेज उतू जाताना नुसतं बघत बसणं.
म्हापशाच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.
जाऊ म्हणाली, दृष्ट.
भिवाने एकच शब्द काढला: वय.
मग फेरीबोटीच्या उतारावर पाय घसरला,
पडले तीही हळूच,
आणि मनगट मोडलं शेवग्याच्या फांदीसारखं.

बांबोळीला पोरसवदा डॉक्टरीण, कुलासो आडनावाची,
रक्ताचा कागद तिने दोनदा वाचला.
"कॅल्शियम हाडांतनं निघतंय, रक्तात चाललंय."
माझ्याच गळ्यावर बोट ठेवून दाखवलं:
इथे, थायरॉइडच्या मागे, तांदळाएवढ्या चार ग्रंथी.
तिघी निजलेल्या.
चौथी ओल्या काजूगराएवढी सुजलेली.
गाठ साधी, कर्करोगाची नव्हे,
फक्त तिला पुरे म्हणता येत नाही.

मला हसू फुटलं. तिला कळेना का.
भट्टी विझून चाळीस वर्षं झाली
आणि मी आपली जळतेय,
बिनधुराची.

मंगळसूत्राच्या वर, गळ्याच्या वळीत, दोन बोटं चीर.
दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या,
बोटांच्या टोकांना मुंग्या.
नर्स म्हणाली, हाडं उपाशी होती ना, आता सगळं ओढून घेतायत,
आणि एक जाडजूड गोळी दिली चघळायला.
भिवाने चष्मा लावून डबीवरचं बारीक वाचलं:
शिंपल्यांपासून.

खडूसारखी. किंचित खारट.
दातांत कचकचली तेव्हा
मी लांब उभी नव्हते.

भिवा विचारत होता, तू येईपर्यंत कोंबड्यांना काय घालू?
म्हटलं, कण्या घाल.
आणि परसात तिसऱ्यांची कवचं पडलीत,
थोडी कुटून.