पाचवा रकाना

वही माझ्याकडे असायची, कारण माझं अक्षर बरं
आणि मी रडायचे नाही.
मासळीच्या कारखान्यातून आईनं आणलेली, निळ्या पुठ्ठ्याची,
पानांवर छापलेलं: माल, वजन, पेट्या, शेरा.
त्याखाली आम्ही सिंद्रेला भरायचो.

साय बेचाळीस ग्रॅम. लोणी अठरा.
ब्रोकोली अकरा. एकेक तुरा खुडून,
काट्यावरचा आकडा थरथरून थांबेपर्यंत श्वास रोखून.
वार्दोत वारा असा, की खिडकी नीट लागली नाही
तर काटासुद्धा खोटं बोलतो.

इतर घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंची मोजत.
मी सेकंदकाट्यावर भावाचं जाणं मोजायचे.
जाणं, हा आमच्या घरातला शब्द.
बोटीवर जाणं वेगळं.
सिंद्रे जेवता जेवता जायचा:
हात ताठ, डोळे दिव्याच्या कोपऱ्यात अडकलेले,
ओठांच्या कडेला फेस, सायीचा की त्याचा, कळायचं नाही.
एक मिनिट दहा. दोन चाळीस.
चार झाली की आई औषधाची पिचकारी हातात धरायची.
पाचव्याला गालात.
मग तो परत यायचा, झोपायचा.
मी लिहायचे. एवढ्या सगळ्याची एक ओळ व्हायची.

प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं.
हाल्वोर आजोबांना कॉडच्या यकृताचं तेल,
"आमची अख्खी पिढी त्यावर उभी राहिली."
पोस्टातल्या ओद्रुनला मॅग्नेशियम.
मावशीनं बर्गनहून खोकंच धाडलं: जस्त, बी-सहा,
उंटिणीच्या दुधाची पावडर, आणि एक हिरवी भुकटी,
जिच्या डब्यावर हसरं मूल होतं.
सिंद्रे तसा कधी हसायचा नाही.
तो हसायचा फिरत्या वॉशिंग मशीनकडे बघून,
आणि मग अंगभर.

आई भोळी नव्हती.
पण डबा परत करायला जे लागतं, तेही तिच्याकडे उरलं नव्हतं.
अर्धा चमचा सायीत कालवायची
आणि म्हणायची, हे नको लिहूस.

किर्केनेसच्या इस्पितळात आहाराच्या बाई, बिरेट,
सामी, सावकाश बोलणाऱ्या.
"आणखी काही देता त्याला?"
आई खिडकीबाहेरचं बर्फ बघू लागली.
मी अकरा वर्षांची. वही उलटी केली,
शेवटचं पान पुढे सरकवलं.
सगळं होतं तिथं. बारीक अक्षरात. तारखांसकट.

बिरेट रागावल्या नाहीत.
दोन नावांखाली रेघ ओढली:
हे त्याच्या गोळ्यांशी भांडू शकतं.
ह्याच्यात साखर आहे, डब्याच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात.
"आणि बाकीचं?" आईनं विचारलं.
"माहीत नाही. खरंच नाही.
एक पाचवा रकाना आखा. इतर."

परतीच्या वाटेवर, फियोर्डच्या कडेकडेनं,
आई दोन तास गप्प होती.
मग म्हणाली, अक्षर चांगलं आहे तुझं.

जानेवारीत, दोन महिन्यांच्या काळोखानंतर,
आमच्याकडे सूर्य येतो आणि किल्ल्यावर तोफ उडते.
शाळेला सुट्टी. घरोघर गोल बन, आत जॅम, वर साखर.
सिंद्रेच्या कानांवर आजोबांची
इंजिनघरातली कानझाकणी.
तोफ उडाली.
तो गेला नाही.
आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो,
सूर्य कुणी पाहिलाच नाही.

आणि त्यानं हात पुढे केला. बनकडे.
तीन वर्षांत पहिल्यांदा
पांढरं नसलेलं काही,
आमच्या काट्याची ओळख नसलेलं,
त्यानं स्वतःहून मागितलेलं.
आईचा हात हवेत, ना देणारा ना अडवणारा.
मग तिनं तोडला, नखाएवढा.
साखर ओठाला लागली तसा तो थांबला,
लांबून कुणी हाक मारावी तसा.

रात्री तीन वीसला तो गेला. चाळीस सेकंद.
बनमुळे? तोफेमुळे? की नुसताच मंगळवार होता?
पाचव्या रकान्यात मी लिहिलं:
बन. नखाएवढा. वजन केलं नाही.

आईनं माझ्या हातातून पेन घेतलं, पहिल्यांदाच.
तिच्या कारखान्यातल्या तिरक्या अक्षरात, खाली:
आणखी मागत होता.