काटा

दुकानात दिवसभर शेव तोलतो मी,
पाव, अर्धा, किलो.
घरातला वजनकाटा मात्र
परवा भंगारात दिला.

यामिनीनं काही विचारलं नाही.
फक्त त्या रात्री, कितीतरी दिवसांनी,
आमच्यासोबत जेवायला बसली.

कळण्याची भाकरी. भरितावरचं तेल
तिच्या आईनं सगळ्यांचंच कमी केलेलं,
माझंही.
पहिल्याच घासाला मी तोंड वाकडं केलं,
ती हसली.

रोज खिशातून घरी यायची ती पुडी
आता दुकानातच राहते.
आठला शटर ओढतो, आणि फैजपूरच्या रस्त्यानं
केळीच्या बागांच्या कडेकडेनं
तिघं चालतो.
दम मलाच लागायचा;
ती पुढच्या खांबाशी थांबायची.

काल थांबली नाही.
"पप्पा, या तुम्ही हळूहळू,"
आणि अंधारात
तिच्या चपलांचा आवाज
ऐकत राहिलो,
न मोजता.